दाभाडे सर आणि अणू

मंगळवारी शाल्मलीला सिलिकॉनच्या स्फटिकावरचे अणू दिसले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने मांडलेले. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. विभागप्रमुख दाभाडे सरांचा तसा हुकूम आहे: "एकदा दिसलं ते दिसलंच नाही, बाई. पुन्हा दाखव, मग पीएचडीचं बोलू."

तिने पुन्हा इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. होलोग्राममध्ये, म्हणजे त्या झोताने उमटणाऱ्या चित्रात, गेली चार वर्षं शिजणारी खिचडीच पुन्हा शिजली.

"मंगळवारी काय वेगळं होतं गं?" तिने लॅबमधल्या मैत्रिणीला विचारलं.

"सर दोन तास लिफ्टमध्ये अडकले होते."

शाल्मली खुर्चीतून उडालीच. भिंतीपलीकडची लिफ्ट हलली की इलेक्ट्रॉनही भरकटत होते. मंगळवारी ती जागची हलली नव्हती.

"मग लिफ्ट बंद ठेवायला सांगू," मैत्रीण म्हणाली.

"सर जिना चढतील? ते लिफ्टच्या बाहेर मोकळे असेपर्यंत ती वरखाली नाचणारच."

शाल्मलीने आनंदाने गुणगुणत अर्ज लिहिला: "मा. विभागप्रमुख, संशोधनाच्या हितार्थ आपण येत्या मंगळवारी सकाळी अकरा ते एक या वेळेत दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकून राहण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."