गार धूर

लग्नाच्या मांडवात सनई वाजवताना महिपती गुरवाला धाप लागली आणि सूर मध्येच तुटला. "बिडी सोडून हुक्का धरला, तरी असं का? धूर पाण्यातून गाळून येतो ना?" दवाखान्यात त्यानं डॉक्टरबाईंना विचारलं.

"पाण्यानं धूर गार होतो, विष गाळलं जात नाही. बिडी घसा जाळते, म्हणून माणूस थांबतो. हुक्क्याच्या रुंद नळीतून धूर मऊ येतो, म्हणून तुम्ही छाती भरभरून ओढता."

महिपतीनं घरी जाऊन हुक्का फोडला. तलफ आली की बायको सुलभा त्याच्या पुढ्यात सनईच ठेवायची.

नवरात्रात देवीपुढे त्यानं सूर लावला. तो लांबत गेला, चढत गेला. पुजाऱ्याच्या हातातली आरती थबकली. गर्दीतून सुलभाच ओरडली, "अहो, आता श्वास तरी घ्या!"