गच्चीवरचा टॉवर

आखातातल्या अल मुंतझा या वस्तीतल्या एकाच इमारतीत वर्षभरात तीन बायकांना स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा तळमजल्यावरच्या नीताने आरोग्य खात्याकडे तक्रार ठोकून दिली. गच्चीवरचा मोबाइल टॉवरच याच्या मुळाशी आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

खात्याकडून डॉ. माहिरा परकार आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं. दोन आठवडे त्यांनी टॉवर तपासला, पाणी तपासलं आणि शेवटी तिघींना नीताच्या हॉलमध्ये बसवून विचारलं, "गाठ आधी हाताला लागली होती का?"

"छे! काहीच त्रास नव्हता," पूर्णिमा म्हणाली.

"मग तपासणीला का गेलात?"

पूर्णिमाने नीताकडे बोट दाखवलं. "या रोज बेल वाजवायच्या. कटकट नको म्हणून गेले."

"मला भाजीला जाऊ म्हणाल्या," मुनीरा म्हणाली, "आणि उतरवलं थेट क्लिनिकच्या दारात!"

"मला तर यल्ला यल्ला, चला लवकर, करत चपलाही घालू दिल्या नाहीत," ईश्वरीने तक्रार केली.

नीता ओशाळली. "माझी बहीण हाच आजार उशिरा कळल्यामुळे गेली हो," ती पुटपुटली. "पण मग टॉवरचं काय?"

"टॉवर निर्दोष आहे. आजार शेजारच्या इमारतीतही असेल, तिथे तो कुणी शोधलेला नाही. इथे पहिल्याच टप्प्यात सापडला, म्हणून या तिघी आज ठणठणीत आहेत." डॉक्टरांनी फाइल मिटली. "नीताताई, आता एवढंच सांगा, शेजारच्या इमारतीत राहायला कधी जाताय?"