सर कुणाच्या शेजारी

बोरगावच्या पुढच्या चढावर भोये सरांनी पुन्हा आपली सायकल साक्षीच्या शेजारी घेतली आणि रोशनीच्या पोटात दुखायला लागलं. चढामुळे नव्हे.

"साक्षे, गिअर उतरव. श्वास नाकाने घे," सर म्हणाले.

रोशनी वीस हात पुढे होती. ती नाकाने श्वास घेते की कानाने, सरांना त्याचं काही पडलेलं नव्हतं.

सुरगाणा ते नाशिक, नव्वद किलोमीटर. पहाटे पाचला तिघं निघाले होते. नाशिकच्या क्रीडा वसतिगृहात जागा एकच आणि सरांच्या बॅगेत फॉर्मही एकच. "दिवसभर दोघींना बघतो, मग नाव ठरवतो," सरांनी निघताना सांगितलं होतं. जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर रोशनीचं ठिकाण ठरलेलंच होतं. आईसोबत, द्राक्षांच्या बागेत, मजुरीला.

दोघींना बघतो म्हणे. बघत होते ते फक्त साक्षीला.

वणीला चहा झाला. सरांनी साक्षीची सीट बोटभर वर केली, तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, राजगिऱ्याचा लाडू दिला. रोशनीला म्हणाले, "तुला हवं ते घे गं." एवढंच. तिची सीट कुणी वर केली नाही, खाली केली नाही.

"तू दमत कशी नाहीस गं?" साक्षीने विचारलं.

"दमायला पण नशीब लागतं," रोशनी म्हणाली आणि लाडवाकडे न बघता चहा संपवला.

वणीनंतर दोन्ही बाजूंनी द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या. रोशनी जोरात पायडल मारत होती आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता. घरी धाकटा राजू भोकाड पसरतो, म्हणून कडेवर बसतो. ती गुपचूप कामं उरकते, म्हणून तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. इथेही तेच. बरं मग.

दिंडोरीच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला, सायकल आडवी टाकली आणि पोटरी धरून रस्त्याकडेला बसली.

"सर, गोळा आलाय. लय दुखतंय."

सर धावतच आले. मीठ-साखरेचं पाणी आलं. लाडूही आला, शेवटचा. तिची बॅग सरांनी आपल्या कॅरिअरला बांधली.

"जमेल ना? का टेम्पो बघू?"

"जमंल सर. तुम्ही फक्त शेजारी राहा."

आणि सर राहिले. पंचवीस किलोमीटर. "गिअर उतरव. श्वास नाकाने घे." रोशनीने इतक्या आनंदात आयुष्यात श्वास घेतला नव्हता. मध्ये दोनदा तिने उगाच सायकल थांबवली, सरही थांबले. साक्षी एकटीच पुढे चालली होती, लाल झालेली, घामाने निथळलेली. ती मागे वळून बघायची तेव्हा रोशनी गोड हसायची. कळू दे तिलाही, कसं वाटतं ते.

म्हसरूळ आलं, सिग्नल आले, रिक्षांचे भोंगे आले. वसतिगृहाच्या फाटकात साक्षी आधी शिरली, मागून सर आणि रोशनी, बरोबरीने.

वसतिगृहाच्या प्रतिभा मॅडम टेबल मांडून बसल्या होत्या. "काय सर, ठरलं का नाव?"

सरांनी बॅगेतून फॉर्म काढला. रोशनी आपोआप त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता तीच तिची जागा होती. तिने वाकून बघितलं. नावाची ओळ कोरी नव्हती. तिथे पेन्सिलीने, सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: रोशनी सोमा गावित.

"वणीलाच लिहून टाकलं होतं मॅडम," सर हळूच म्हणाले. "जिच्याकडे एकदाही बघावं लागलं नाही, तिचं." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे खोडरबर मिळेल का?"