लाल बटण

निकिताने बनवलेलं गरोदर बायकांसाठीचं अ‍ॅप मोबाईलच्या अ‍ॅप-स्टोअरने दोनदा परत पाठवलं होतं. नियम एकच आडवा येत होता: तब्येतीची माहिती घेण्याआधी त्या बाईला स्वतःला विचारा, आणि ती नको म्हणाली तर काही घेऊ नका. "फुकटच्या तपासणीला नको कोण म्हणणार आहे?" असं चिडचिडत नाशिकच्या ऑफिसात तिने शेवटी त्यात 'नको'चं लाल बटण बसवलं.

आज सुरगाण्याजवळच्या पाड्यावर पंधरा जणी जमल्या होत्या. पहिला मोबाईल जिवलीच्या हातात गेला, तसा तिचा नवरा बुधा सवयीने पुढे आला. "सगळीकडं हिचा अंगठा मीच देतो."

"इथे ताईंनीच द्यायचा," निकिता म्हणाली.

मोबाईल बोलू लागला, "ताई, तुमची माहिती दवाखान्यात पाठवू का? पाठवायची तर हिरवं बटण दाबा, नको असेल तर लाल."

जिवलीने लाल दाबलं.

"बरं ताई. काहीच पाठवलं नाही."

सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं वाटून निकिताने मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला.

जिवलीने तो दिला नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकलं, हिरवं बटण दाबलं आणि मागे वळून ओरडली, "या गं समद्या! नाय म्हटलं तर ऐकतंय हे!"