साठ फुटांवरचा चेहरा

आमचे हे मूर्तिकार. चर्चसाठी संगमरवरी मरियामाता घडवताना ह्यांनी चेहऱ्यासाठी मला वर्षभर समोर बसवलं. मूर्ती पुरी झाल्यावर पाहते तर कपाळ हातभर, नाक लांबलचक, हनुवटी नाहीच. "अहो, हे घोड्याचं तोंड माझं?" मी विचारलं. "अगं, मूर्ती वर चढू दे, मग भांड," हे म्हणाले. मी दोन महिने अबोलाच धरला. आज मूर्ती वेदीमागच्या कोनाड्यात, साठ फुटांवर बसली. मी घुश्शातच मान वर केली, ती खाली येईना. ह्यांनी उंची जोखूनच चेहरा ताणला होता. खालून पाहताना प्रत्येक रेघ जागेवर होती. एवढी शांत मी कधीच नव्हते. तेवढ्यात शेजारी एका बाईने गुडघे टेकले. माझ्याच चेहऱ्याकडे पाहत ती आजारी लेकीचं आयुष्य मागू लागली. तिने ओळखू नये म्हणून मी ओढणी नाकापर्यंत ओढली.