नऊच दूर्वा

बोरीवलीत आमच्या सोसायटीमागे जंगलाची भिंत आहे. पलीकडून बिबट्या येतो, म्हणून तिथे पाटी लावली: 'खाली वाकू किंवा बसू नका.' बाबा मात्र गणपतीसाठी रोज पहाटे त्या पाटीखालीच बसून दूर्वा खुडतात. काल मी सोबत गेले. "बाबा, बसलेला माणूस बिबट्याला छोटा प्राणी वाटतो. उठा ना!" "उभ्यान कोण दूर्वा खुडता गो? माझ्यात तेका गावतला काय? हाडांच हाडां." एकवीस दूर्वा पुऱ्या झाल्याशिवाय ते उठत नाहीत. मी वैतागून घराकडे निघाले. दहा पावलांवर बुटाची लेस सुटली, ती बांधायला खाली बसले. मागून चपलांचा फटफट आवाज धावत आला. वळून पाहिलं, तर बाबा माझ्या पाठीशी उभे, जंगलाकडे तोंड करून, दोन्ही हात वर, मुठीत नऊच दूर्वा. "तू बांध सावकाश. मी मोठो दिसतंय मा?"