आळ

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा तिघांकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या. एक भराभर वर चढलेली. दुसरी आडवी, सपाट.

"वरची रेघ निरोगी माणसाचं रक्त कसं साकळतं त्याची," त्या म्हणाल्या. "खालची ह्यांची."

ती बाह्या मनगटापर्यंत ओढून बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद होतं. भावाने तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले होते आणि आडपडदा न ठेवता विचारलं होतं, "ताई, भाऊजी मारतात का?" ती नाही म्हणाली होती. डॉक्टरबाईंनीही नवऱ्याला बाहेर बसवून तेच विचारलं होतं. तेव्हाही ती नाहीच म्हणाली. भावाला ते पटलं नाही. आज तो तिला कायमचं आपल्या घरी न्यायला आला होता. तिने एका शब्दाने विरोध न करता बॅग भरली होती. ती बॅग खाली त्याच्या गाडीत होती.

नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. निम्मं शहर त्याच्या हाताखालून गेलं होतं. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर नेली तरी त्याचा आवाज चढत नसे. "चूक भिंतीची," तो म्हणायचा. "मधेच उभी राहते." ह्या दवाखान्यातली नर्सही त्याच्याकडेच शिकलेली. भावाने आळ घेतला तेव्हा सगळ्यात आधी तीच चिडली होती.

"रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलॅजेन नावाचे धागे असतात," डॉक्टरबाई सांगू लागल्या. "वाहिनी फाटली की ते उघडे पडतात. रक्तातल्या प्लेटलेट त्यांना जाऊन अडकतात. मग प्लेटलेटच्या अंगावरचं प्रथिन आतल्या प्रथिनाला जागं करतं, ते पुढच्याला. असा निरोप आत पोचला की सगळ्या एकमेकींना धरतात आणि भोक बुजतं. ह्यांच्यात मधलं एक प्रथिन जन्मापासूनच कामाचं नाही. धाग्याचा स्पर्श होतो, पण आत पत्ताच लागत नाही."

"म्हणजे?" भावाने विचारलं.

"म्हणजे दाराची कडी नुसती घासली तरी डाग उठतो. त्यासाठी कोणी हात उगारायला नको."

नवऱ्याने चष्मा काढला आणि रुमालाने डोळे टिपले. भाऊ उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

"भाऊजी, नाही नाही ते बोललो मी तुम्हाला. माफ करा."

नवऱ्याने त्याला जवळ घेतलं. "अरे वेड्या, बहिणीची काळजी तू नाही करणार तर कोण करणार?"

दारातल्या नर्सनेही पदर डोळ्यांना लावला. दोघं खांद्यावर हात टाकून खाली गेले, तिची बॅग भावाच्या गाडीतून नवऱ्याच्या गाडीत ठेवायला.

ती खिडकीतून बघत होती. डिकी उघडली, डिकी मिटली. भाऊ कशावर तरी मोकळेपणी हसला. पाय बधिर झाला की तो आपला वाटत नाही, नुसता दिसतो. तसं तिला ते सगळं नुसतं दिसत होतं.

डॉक्टरबाईंनी पथ्यं सांगितली. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. दात काढायचा झाला तर आधी विचारायचं. डोक्याला मार अजिबात लागू द्यायचा नाही, जिवावर बेतेल. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"आता तरी हसा की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्यावरचा आळ गेला. ह्यापुढे कुठलाही डाग दिसला तरी कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही."

"हो ना," ती म्हणाली. वाण्याकडे सुटे मागावेत इतका तिचा आवाज साधा होता. "आता मारताना त्यांना झाकलेली जागा बघावी लागणार नाही."